माफी मिळते म्हणून पाप हलकं होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की ख्रिश्चन लोकांचं बरं असतं, आठवडाभर काय वाट्टेल ते करायचं, मग फादरच्या कानात सांगायचं आणि पाटी कोरी करून घरी यायचं, आमच्याकडे मात्र केलेल्या कर्माचं फळ भोगल्याशिवाय सुटका नाही. त्यांचा सूर वाईट नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत असावं. पण हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, लोकलमध्ये ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि दर वेळी मनाला लागतं ते याच्यासाठी की आमच्या श्रद्धेत जी गोष्ट सगळ्यात सिरियस आहे तीच सगळ्यात स्वस्त आहे असं लोकांनी धरून ठेवलंय. मी वसईची, कॅथलिक, चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. धर्मपंडित नाही, पण पहिल्या कम्युनियनला (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायचा विधी) बसणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जे शिकवावं लागतं ते तरी मला नीट माहीत आहे आणि ते माहीत असलं तरी या पत्राला उत्तर देता येतं.

कन्फेशन म्हणजे, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ते, नुसतं सांगणं नाही. मुलांना आम्ही पाच गोष्टी पाठ करून घेतो. आधी एकटं बसून आपलं मन तपासायचं, काय केलं ते आठवायचं, मग त्याचं मनापासून वाईट वाटलं पाहिजे, मग पुन्हा करणार नाही असं ठरवायचं, मग फादरसमोर तोंडाने कबूल करायचं आणि मग ते देतील ते प्रायश्चित्त पूर्ण करायचं. यातला पश्चात्ताप आणि निश्चय खरा नसेल तर फादरने शंभर वेळा क्षमेचे शब्द म्हटले तरी ती क्षमा लागत नाही, चर्चचं म्हणणं अगदी स्पष्ट आहे. फादरला फसवता येतं, देवाला नाही. आणि चोरी केली असेल तर माल परत करायचा, कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पुन्हा चांगलं होईल असं काहीतरी करायचं, हे चर्चच्या अधिकृत शिकवणीत लिहिलेलं आहे. मुलं लगेच विचारतात की पेन्सिल चोरली आणि कन्फेशन केलं तर पेन्सिल ठेवता येते का? नाही ठेवता येत. नऊ वर्षांच्या मुलाला हे एका मिनिटात कळतं.

महापाप कशाला म्हणायचं याचेही नियम आहेत. बाब गंभीर पाहिजे, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला पूर्ण माहीत पाहिजे आणि त्याने स्वतःच्या मर्जीने ती केलेली पाहिजे. या तिन्ही गोष्टी असतील तर माणसाचं देवाशी असलेलं नातंच तुटतं असं आम्ही मानतो, म्हणजे त्याने कन्फेशन केल्याशिवाय कम्युनियन घ्यायचं नाही, आणि तसाच मेला तर कायमचा देवाला मुकला. कायमचा. एवढी टोकाची गोष्ट ज्या धर्मात सांगितली जाते तिथे पाप हलक्यात घेतलं जातं असं म्हणणं मला पटत नाही. गोष्ट साधी असेल, नकळत झाली असेल, दबावाखाली झाली असेल तर तिचं वजन वेगळं, तेही चर्च सांगतं, उगाच सगळ्याला एकाच काठीने हाणत नाही.

नगरकडचे, कोल्हापूरकडचे आमचे प्रोटेस्टंट भाऊबंद फादरकडे जात नाहीत, ते थेट देवाकडे कबुली देतात. पण त्यांच्याकडे हा विषय हलका आहे असं कुणी समजू नये. प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या मार्टिन लूथरने 1517 साली जे 95 मुद्दे मांडले त्यांचा रागच मुळात यावर होता की पैसे देऊन पापाच्या शिक्षेतून सूट मिळते अशी पत्रकं त्या वेळी विकली जात होती, आणि त्याचा पहिलाच मुद्दा असा आहे की ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. म्हणजे पत्रलेखकांना जो राग आला तोच राग पाचशे वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती साधूला आला होता, आणि पुढे कॅथलिक चर्चनेही तो धंदा बंद केला.

आता मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला आम्ही सगळे मिळून एक कबुली म्हणतो. त्यात विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलं हे तर आहेच पण चौथी गोष्ट अशी आहे की जे करायला पाहिजे होतं ते केलं नाही, आणि हे म्हणताना छातीवर हात मारून माझा अपराध, माझा अपराध म्हणायचं असतं. ही चौथी गोष्ट मला सगळ्यात जड वाटते. कारण आपण सहसा म्हणतो, मी कुणाचं काय वाईट केलंय? येशूने श्रीमंत माणसाची आणि लाजर नावाच्या गरिबाची गोष्ट सांगितली त्यात त्या श्रीमंताने लाजराला मारलं नाही, हाकललंही नाही, लाजर त्याच्या दारात फोडांनी भरलेला पडून होता आणि हा रोज चांगलंचुंगलं जेवत होता, बस एवढंच. तरी तो नरकात गेला. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी ज्यांना दूर जा म्हटलं जातं त्यांच्यावरही खुनाचा, दरोड्याचा आरोप नाही, मी भुकेला होतो तुम्ही खायला दिलं नाही, मी परका होतो तुम्ही घरात घेतलं नाही, आजारी होतो तुरुंगात होतो तुम्ही आला नाहीत, असा आरोप आहे. ज्याला वाटतं की आपण सज्जन आहोत त्याने हा अध्याय वाचावा, माझी तर तो वाचताना मान वर होत नाही.

पण पाप म्हणजे काय आणि माफी म्हणजे काय हे एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर बायबलमधली दावीद राजाची गोष्ट वाचावी, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात 11वा आणि 12वा अध्याय. दावीद म्हणजे देवाचा लाडका राजा, स्तोत्रं रचणारा. सैन्य लढाईवर गेलं आणि हा यरुशलेमात मागे राहिला, संध्याकाळी गच्चीवर फिरताना बथशेबा आंघोळ करताना दिसली, बोलावून घेतली, ती उरीया नावाच्या त्याच्याच सैनिकाची बायको आहे हे त्याला सांगितलेलं होतं तरी. तिला दिवस गेले. मग हा उरीयाला लढाईवरून बोलावतो, घरी जा, आराम कर म्हणतो, म्हणजे मूल त्याचंच आहे असं दाखवता येईल. उरीया जात नाही. माझे सोबती उघड्यावर तंबूत आहेत, देवाचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) तंबूत आहे आणि मी घरी जाऊन खाऊ-पिऊ, बायकोजवळ झोपू का, म्हणतो. त्याला दारू पाजली तरी जात नाही. तेव्हा दावीद सेनापतीला चिठ्ठी लिहितो की याला लढाईच्या अगदी तोंडाशी ठेवा आणि तुम्ही मागे सरा म्हणजे हा मरेल, आणि ती चिठ्ठी उरीयाच्याच हातात देऊन पाठवतो. तो मरतो. राजा विधवेला घरात आणतो. बाहेरून सगळं व्यवस्थित, कुणाची तक्रार नाही, कुणी विचारणारं नाही.

मग नाथान संदेष्टा येतो आणि राजाला एक गोष्ट सांगतो, एका गरिबाची एकच कोकरी होती, ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत झोपायची, आणि शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला तर त्याने स्वतःच्या एवढ्या कळपातलं न घेता गरिबाची कोकरी कापली. दावीद भडकतो, तो माणूस मेलाच पाहिजे म्हणतो. नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. एवढ्या एका वाक्यात दावीद कोसळतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे म्हणतो, आणि नाथान तिथल्या तिथे सांगतो की देवाने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. पत्रलेखक म्हणतील बघा, लगेच माफी! पण पुढे वाचा. तुझ्या घरातून तलवार कधी हलणार नाही, हेही नाथान त्याच बैठकीत सांगतो. ते मूल मरतं. पुढे एक मुलगा बहिणीवर अत्याचार करतो, दुसरा मुलगा त्याला ठार मारतो, तोच पुढे बापाविरुद्ध बंड करतो आणि मरतो आणि म्हातारा दावीद त्याच्या नावाने टाहो फोडतो. माफी खरी होती. परिणामही खरे होते. उरीया काही परत आला नाही. कर्माचं फळ आमच्याकडे नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे आवर्जून सांगते की फरक फळ भोगण्या-न भोगण्यात नाही, फरक असा की फळ भोगतानासुद्धा देव त्या माणसाला टाकत नाही.

आणि ती माफी फुकट मिळत असली तरी स्वस्त नाही, कारण तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिलीय असं आम्ही मानतो. क्रूसाचा अर्थ आमच्यासाठी हाच. डॉक्टरने केवढं मोठं ऑपरेशन सांगितलं त्यावरून आजार केवढा ते कळतं ना, तसं देवाच्या पुत्राला मरावं लागलं यावरून पापाचं वजन कळतं. अकराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप संत अन्सेल्म होते, त्यांच्या ग्रंथात शिष्य विचारतो की देवाने नुसतं माफ का नाही करून टाकलं, तर गुरू म्हणतात, पापाचं वजन किती असतं याचा तू अजून विचारच केलेला नाहीस. जर्मनीत दीत्रिख बोनहोफर नावाचे पाद्री होते, त्यांनी 1937 साली स्वस्त कृपा हा चर्चचा जीवघेणा शत्रू आहे असं लिहिलं, पश्चात्तापाशिवाय माफी वाटणं म्हणजे स्वस्त कृपा. हिटलरला विरोध केला म्हणून 9 एप्रिल 1945ला त्यांना फाशी दिली गेली. म्हणजे पत्रलेखकांची टीका चुकीच्या माणसांवर आहे असं नाही, तसे लोक आमच्यात आहेत, पण तसं वागायला आमची श्रद्धा सांगत नाही, ती त्यालाच शत्रू म्हणते.

पत्रात शेवटी एक प्रश्न होता, की मग उद्या लाखो माणसं मारणाऱ्याने पण मरताना सॉरी म्हटलं तर तो स्वर्गात का? प्रश्न खरा आहे आणि याचं एक खरं उदाहरण आहे म्हणून सांगते. रुडॉल्फ ह्योस हा हिटलरच्या काळातल्या आउश्वित्झ छळछावणीचा कमांडंट. कॅथलिक घरात वाढलेला, वडिलांना वाटायचं पोरगा फादर व्हावा, त्याने 1922ला चर्च सोडलं. युद्धानंतर पोलंडमध्ये खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, वादोवित्से इथल्या तुरुंगात (पोप जॉन पॉल दुसरे यांचं हे जन्मगाव) त्याने फादर मागितला. जेझुइट या कॅथलिक संघाचे एक पोलिश फादर आले, ज्या पोलिश समाजातली माणसं त्याच्या छावणीत मेली त्याच समाजातले, त्यांनी त्याचं लांबलचक कन्फेशन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला कम्युनियन दिलं. त्याने लेखी निवेदन देऊन आपण माणुसकीविरुद्ध भयंकर पाप केलं असं कबूल केलं आणि पोलिश लोकांची माफी मागितली. आणि 16 एप्रिल 1947ला त्याच छावणीत त्याला फासावर चढवलं.

हे वाचून मला आनंद होत नाही, अंगावर काटा येतो. त्याचा पश्चात्ताप खरा होता का हे मला सांगता येणार नाही, ते देवाला माहीत. पण दोन गोष्टी ठामपणे सांगते. कन्फेशन झालं म्हणून फाशी टळली नाही आणि कुठल्या फादरने ती टळावी असं म्हटलंही नाही. आणि गॅस चेंबरमध्ये जी माणसं, लहान मुलं गेली त्यांच्या वतीने माफ करायचा हक्क त्या फादरला नव्हता, त्यांच्या नातेवाइकांनी माफ केलं नसेल तर त्यांना ख्रिस्ती माणसाने एक शब्द बोलू नये. देव माफ करतो हे आम्ही मानतो, पण देवाच्या माफीचा कागद दाखवून माणसांकडचा हिशोब बुडवता येत नाही.

हेच आमच्या चर्चच्या काही वरिष्ठांना कळलं नाही, आणि इथे मी पत्रलेखकांपेक्षा कडक बोलेन. 2002 साली अमेरिकेत बोस्टनमध्ये जे बाहेर आलं आणि नंतर आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, चिली, एकेक देशातून येत गेलं, की लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या फादरना बिशप लोकांनी या चर्चमधून त्या चर्चमध्ये हलवलं, ते पापाला हलक्यात घेण्याचं सगळ्यात भयानक उदाहरण आहे. त्याला पश्चात्ताप झालाय, त्याने प्रार्थना केलीय, म्हणून त्याला पुन्हा मुलांमध्ये पाठवलं. पोलिसांना सांगितलं नाही. मुलांचं ऐकलं नाही. कन्फेशनमधलं गुपित फादरने फोडायचं नाही, फोडलं तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत, हा नियम मला मान्य आहे, पण हे सगळं काही कन्फेशनमधून कळलेलं नव्हतं, आईबाप तक्रारी घेऊन बिशपच्या ऑफिसात गेले होते, फायली होत्या. गंमत म्हणजे, गंमत नाही, दुःखाची गोष्ट म्हणजे, फादरने स्वतः ज्या व्यक्तीबरोबर लैंगिक पाप केलं तिला, मरणाची वेळ सोडली तर, तो स्वतः पापक्षमा देऊ शकत नाही, दिली तर ती रद्द, असा कडक नियम चर्चच्या कायद्यात आहे. म्हणजे नियम बनवणाऱ्यांना धोका माहीत होता. पापाचं वजन ज्यांनी आम्हाला शिकवायचं त्यांनीच ते मोजलं नाही, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

आणखी एक गैरसमज, की पाप पाप करून चर्च लोकांना घाबरवून ठेवतं. घाबरवतात काही जण, नाकारत नाही, नरकाची भीती घालून मुलांना गप्प बसवणारे आईबाप मला आवडत नाहीत. पण पापाची खरी जाणीव भीतीतून येत नाही, आणि फार वाईट माणसालाच येते असंही नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, 1889ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, म्हणजे चांगल्या कामात काही कमी नव्हतं, आणि तरी त्या स्वतःच सांगतात की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आपण पापी आहोत आणि आपल्या कर्तृत्वाने आपली सुटका होणार नाही हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं. एवढ्या विदुषी, वेदशास्त्र जाणणाऱ्या, समाजाशी लढलेल्या. त्यानंतर त्या खचल्या का? उलट पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं निराधार बायकांसाठीचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत बायबल, हे सगळं त्या जाणिवेनंतरचं आहे. 1905 साली केडगावला मुली रात्र-रात्र रडून आपली पापं कबूल करायच्या असं नोंदलेलं आहे आणि त्यानंतर त्याच मुली आजूबाजूच्या गावांत सेवेला जायच्या. ज्याला आपलं पाप दिसलं तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला फार उत्सुक राहत नाही, माझा तरी अनुभव असाच आहे.

आता पत्रलेखकांना उत्तर देऊन झालं, पण आमच्या लोकांनाही या निमित्ताने काही सांगायचं आहे आणि तेही छापावं ही विनंती.

राखेच्या बुधवारपासून आमच्याकडे उपवासकाळ सुरू होतो. कपाळावर राख घेतो, शुक्रवारी मटण बंद, काही जण दारू सोडतात, ईस्टरच्या आधी कन्फेशनला रांगा लागतात. चांगलं आहे. पण आमच्या घराघरांतलं एक पाप त्या रांगेत कबूल होत असेल असं मला वाटत नाही, कारण ते पाप आहे असंच कुणाला वाटत नाही. बहिणीचा हिस्सा. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून बघतेय, बाप गेला की महिनाभरात बहिणींना बोलावून घेतात, जेवण चांगलं करतात, आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. तुझं लग्न लावून दिलं, आता माहेर तुटू देऊ नकोस, असं सांगतात. ती सही करते कारण तिला भाऊ हवा असतो. सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं, पुढे जमीन बिल्डरला जाते, आणि भाडोत्री घरात राहणारी बहीण सणाला यायची तेवढी येते. ख्रिस्ती कुटुंबाला 1925चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे आहेत, मृत्युपत्र नसेल तर हिस्सा सारखा. म्हणजे हे कुणी मेहरबानी म्हणून द्यायचं नाहीये. जी स्वतःच्या मर्जीने, सगळं समजून, भावाची गरज बघून हक्क सोडते तिच्याबद्दल मी बोलत नाही. जिला कोंडीत पकडून, लाजवून, अर्धवट सांगून सही करायला लावली तिच्याबद्दल बोलतेय. बाब गंभीर आहे, जाणीव आहे, मर्जीने केलेलं आहे. तिन्ही गोष्टी आहेत.

जकात वसूल करणारा जक्कय यरीहोत येशूला भेटला तेव्हा येशूने त्याला एका शब्दाने टोकलं नव्हतं, नुसता त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. तो स्वतःच उठून म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. चौपट आमच्या भावांना झेपणार नाही, मला माहीत आहे, जमीन विकली गेली, पैसे घरात, पोरांच्या शिक्षणात गेले. पण जे देता येईल ते द्यावं, आणि ज्यांनी अजून सही घेतलेली नाही त्यांनी ती घेऊ नये. आमच्या फादरांना विनंती आहे की या उपवासकाळात एका रविवारच्या प्रवचनात हा विषय नाव घेऊन काढावा, दारू आणि सिनेमा यांच्यावर आपण पुष्कळ ऐकलंय. आणि एखादा भाऊ कन्फेशनला येऊन हे बोललाच तर त्याला प्रायश्चित्त म्हणून पाच वेळा ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ ही प्रार्थना म्हणायला सांगून सोडू नये, आधी बहिणीकडे जाऊन बोल, हिशोब कर, असं सांगावं.

आपली नम्र,
एक वाचक, वसई